‘लोकोपयोगासाठी’ एवढं लिहून भागत नाही

बेटा,

तुझं पत्र मिळालं. सरकारी खात्याला नकोशी झालेली जमीन विक्रीला निघणार आणि तुम्ही पोरं वर्गणी काढून, ती संस्थेच्या नावावर घेऊन तशीच मोकळी ठेवणार. झाडं मोजलीत, सह्या घेतल्यात. पण सहा पानांत मिळकत पत्रिकेचं, म्हणजे जमिनीची मालकी आणि अटी नोंदवणाऱ्या सरकारी कागदाचं, नावही नाही!

मी जन्मभर मोजणीची साखळी ओढली. ‘पडीक’, ‘बिनकामाची’ हे शेरे लिहिणाऱ्याचे, जमिनीचे नव्हेत. आपलं झुडपी जंगलच बघ. खुरट्या झुडपांची म्हणून महसुली कागदांत पडून राहिलेली ही जमीन, नागपूरसह पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत सुमारे 86 हजार हेक्टर. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने ती वनच ठरवली. जंगलाला न लागलेले, 3 हेक्टरांहून लहान तुकडेसुद्धा संरक्षित वन म्हणून जाहीर करायला सांगितले. तेव्हा आधी जुना रेकॉर्ड काढ. तुमच्या तुकड्यावर ‘झुडपी’ निघालं, तर विक्रीचा विषयच बदलतो.

मग विकास आराखडा बघ. तुकडा पिवळ्या रंगात, म्हणजे रहिवासी पट्ट्यात असेल तर घरांच्या भावाने किंमत लागेल, तुमची वर्गणी कुठे पुरणार? म्हणून उद्यानाचं आरक्षण मागा, 1966 च्या नगररचना कायद्यात आराखड्यातल्या किरकोळ बदलासाठी कलम 37 आहे. पण त्यावरही विसंबू नको. 10 वर्षांत संपादन झालं नाही, तर मालक कलम 127 ची नोटीस देऊन आरक्षण उठवायला निघू शकतो. आणि उद्याचा मालक म्हणजे तुमचीच संस्था, तुमच्यानंतरचे विश्वस्त. ते कसे निघतील, कोणी सांगावं?

एका लेआउटची ओपन स्पेस मी स्वतः मोजून दिली होती. चार कोपऱ्यांना दगड, मध्ये कडुनिंब. कागदावर फक्त ‘लोकोपयोगासाठी’. आधी टिनाचं शेड उभं राहिलं, मग समाजभवन. लोकोपयोगच की! कडुनिंबाच्या जागी आता जनरेटर धडधडतो.

म्हणून खरेदीखतात लिहून घ्या: जागा खुली राहील, बांधकाम होणार नाही, वापर बदलला तर शर्तभंग आणि जमीन शासनजमा. तीच अट मिळकत पत्रिकेवर चढवून घ्या. खात्यातले लोक ‘कशाला एवढं’ म्हणतील. म्हणू दे.

कॅलिफोर्नियात स्थानिक सरकारी संस्थेने जादा जमीन विकण्याआधी उद्यानवाल्यांना आणि घरकुलवाल्यांना कळवावं लागतं, रस दाखवायला त्यांना 60 दिवस मिळतात. आपण कोणी कळवेल म्हणून बसायचं नाही. अर्ज आजच टाका, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका.

मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा नकाशा, मिळाली की रविवारी ये, उन्हं चढायच्या आत दगड शोधू. नाल्याकडचा बहुधा गाळात गेला असेल. कुदळ आण.

तुझा काका