मदरबोर्ड बदलला तर विंडोजचं लायसन्स जातं का?

समजा, तुम्ही कॉम्प्युटरची रॅम, एसएसडी आणि मदरबोर्ड तिन्ही बदलणार आहात. पहिल्या दोन्हींची काळजी सोडा. रॅम वाढवा, नवीन एसएसडीवर विंडोज पुन्हा टाका, इंटरनेट जोडलं की ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. इन्स्टॉल करताना प्रॉडक्ट की (लायसन्सचा कोड) विचारली तर 'माझ्याकडे की नाही' निवडायचं आणि आवृत्ती (होम किंवा प्रो) पूर्वीचीच घ्यायची.

खरी मेख मदरबोर्डात आहे. विंडोज १० आणि ११ चं डिजिटल लायसन्स मशीनच्या हार्डवेअरशी बांधलेलं असतं आणि त्यात मदरबोर्डाला सगळ्यात जास्त वजन. तो बदलला की मायक्रोसॉफ्टच्या लेखी तो नवा कॉम्प्युटर.

लायसन्स रिटेल असेल, म्हणजे स्वतंत्र विकत घेतलेलं, तर ते नव्या बोर्डावर नेता येतं. ओईएम असेल, म्हणजे मशीनसोबत आलेलं, तर ते जुन्या बोर्डाबरोबरच संपतं. अपवाद एकच: बोर्ड बिघडला आणि कंपनीने वॉरंटीत बदलून दिला. कुठलं आहे ते कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएलएमजीआर', स्पेस, 'स्लॅश डीएलआय' टाकून कळतं.

रिटेल निघालं तर स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी सेटिंग्जमध्ये लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवा. नंतर अ‍ॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये 'नुकतंच हार्डवेअर बदललं' असा पर्याय मिळतो, तो निवडायचा. हे आधी न करता बोर्ड बदलणारेच जास्त भेटतात. मग विंडोजचा डबा शोधा, त्यावरची प्रॉडक्ट की शोधा!

दोन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या कीच्या नादी मात्र लागू नका.