‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ पहिल्यांदा वाचताय? आधी पैशांचा हिशोब बघा

जेन ऑस्टिनची ही १८१३ची कादंबरी नुसती प्रेमकथा म्हणून वाचायला घेऊ नका. कुणाचं उत्पन्न किती, ते समासात पेन्सिलने लिहीत चला. नायक डार्सी वर्षाला १०,००० पौंड, नायिका एलिझाबेथचे वडील बेनेट २,०००. त्यातही बेनेटांची इस्टेट पुरुष वारसाकडेच जाणार, म्हणजे पाच मुली असूनही कॉलिन्स या दूरच्या नातेवाइकाच्या घशात. हे एकदा कळलं की त्या आईने लावलेला लग्नाचा धोशा समजू लागतो. (बाई बोलते मात्र भलतंच, तो भाग वेगळा.)

१९वं प्रकरण सावकाश वाचा. कॉलिन्स मागणी घालतानाच एलिझाबेथला ऐकवतो की, तुझ्या वाट्याला चार टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांतले १,००० पौंड, तेही आई गेल्यावर! तरी ती ठाम नकार देते. आणि तिची मैत्रीण शार्लट, वय २७, त्यालाच होकार देते. तिला नावं ठेवायची घाई करू नका. मला तर अख्ख्या पुस्तकात तिच्याइतकं डोळे उघडे ठेवून लग्न केलेलं कुणी दिसत नाही.

डार्सीचा मित्र बिंग्ली याचा पैसा व्यापारातून आलेला आहे, हेही ध्यानात असू द्या. त्याच्या बहिणी ते सोयीस्कर विसरतात आणि बेनेटांच्या नातेवाइकांना नाकं मुरडतात. सिनेमा नंतर बघा.