गाइडचा एच-इंडेक्स किती, यावरून काय ठरवावं?

प्रश्न : ताई, माझी मुलगी कर्करोगाच्या जीवशास्त्रात पीएच.डी. करायची म्हणते. दोन ठिकाणी जागा आहे. एका सरांचा एच-इंडेक्स ५२ आहे, दुसऱ्या मॅडमचा १९. घरातले सगळे ५२ वाल्या सरांकडे जा म्हणतात, तिचा ओढा मॅडमच्या कामाकडे आहे. या आकड्यावर किती भरवसा ठेवावा? – एक पालक

उत्तर : ५२ म्हणजे त्या सरांचे ५२ पेपर असे आहेत, की त्यातल्या प्रत्येकाचा संदर्भ इतर पेपरांमध्ये निदान ५२ वेळा दिला गेला आहे. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ही मोजदाद सुचवली. हा आकडा सहसा उतरत नाही, वयाबरोबर चढतच जातो. तेव्हा दोघं किती वर्षं काम करताहेत, हे आधी विचारा. तीस जणांच्या लेखकयादीत मधेच कुठेतरी नाव असलं तरी तो पेपर मोजला जातो, हेही लक्षात असू द्या.

कामाचं मोल अशा आकड्यात का मावत नाही, हे कळावं म्हणून मला ज्या पेपरबद्दल मनापासून सांगायचं आहे तो सांगते. १९७१ साली आल्फ्रेड नूडसन यांनी चार पानांचा एक निबंध छापला. ते मुळात बालरोगतज्ज्ञ. निबंधात प्रयोगशाळेतला एकही प्रयोग नाही. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांच्या दृष्टिपटलाचा कर्करोग, झालेल्या ४८ मुलांच्या नोंदी त्यांनी घेतल्या. गाठ एका डोळ्यात की दोन्ही, निदान कितव्या महिन्यात झालं, हे त्यात मुख्य. मग कोणत्या वयाला किती मुलांचं निदान व्हायचं उरलं होतं, ते लॉग आलेखावर, म्हणजे दर पायरीला आकडा ठरावीक पटीने बदलतो अशा आलेखावर, मांडलं. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्या मुलांची रेघ सरळ खाली आली. एकाच डोळ्यात गाठ असलेल्यांची आधी रेंगाळली, मग वळून उतरली. सरळ रेघेचा अर्थ, पेशीत एकच जनुकीय बिघाड व्हायचा बाकी होता. दुसरा त्या मुलांना जन्मतःच मिळाला होता. वळणाऱ्या रेघेतल्या मुलांमध्ये दोन्ही बिघाड जन्मानंतर, एकाच पेशीत घडावे लागले, म्हणून उशीर.

विद्यार्थी असताना त्यातल्या तक्त्यांवरून मी तो आलेख हाताने काढला होता. दुसरी रेघ वळली तेव्हा अंगावर काटा आला, तो अजून आठवतो.

त्या कामाचा प्रभाव कसा पसरला बघा. हे दोन बिघाड एकाच जनुकाच्या दोन प्रतींमधले असावेत, हा विचार १९७३ मध्ये डेव्हिड कमिंग्ज यांनी पुढे नेला. १९८३ मध्ये गाठींच्या डीएनएत तेराव्या गुणसूत्रावरची निरोगी प्रत खरोखरच हरवलेली सापडली. १९८६ मध्ये आरबी-१ हे जनुक हाती लागलं. एका आलेखातल्या अंदाजापासून जनुकापर्यंत पंधरा वर्षं! पेशीची वाढ रोखणारी जनुकंही असतात आणि ती गमावल्याने कर्करोग होतो, ही दिशा त्यातून पक्की झाली. आज हा कर्करोग झालेल्या मुलाच्या घरात दुसरं बाळ जन्मलं, की कुटुंबातला बिघाड माहीत असल्यास त्याची जनुकीय चाचणी होते. बाळात तो नसेल तर भूल देऊन पुन्हा पुन्हा डोळे तपासण्यातून ते सुटतं. हे कुठल्या इंडेक्समध्ये मोजणार? आणि आता दोन बिघाडांच्या या कल्पनेसाठी ‘टू-हिट’ हा शब्द इतका रुळलाय, की तो वापरताना मूळ निबंधाचा संदर्भ द्यावा असं अनेकांना वाटतही नाही.

उलट बाजू माझ्याच कामातली. एमडीए-एमबी-४३५ या सेल लाइनवर (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींवर), त्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी समजून, मी पेपर लिहिला. पुढे डीएनए जुळवून सिद्ध झालं, की त्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाच्या एम-१४ या लाइनच्या पेशी आहेत. तो पेपर आजही स्तनाच्या कर्करोगाचा म्हणून उद्धृत होतो आणि प्रत्येक वेळी माझ्या खात्यात एक सायटेशन जमा होतं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

म्हणून मुलीला सांगा, दोघांचा एकेक मूळ प्रयोगाचा पेपर घे. रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणारा लेख, नको, रिव्ह्यूंना संदर्भ भरपूर मिळतात. मग तो पेपर उद्धृत करणारे दहा लेख उघड आणि संदर्भ आला आहे तेवढंच वाक्य वाच. प्रस्तावनेत पाच-सहा नावांच्या ओळीत तो नुसता टाकला आहे, की कुणी त्यांची पद्धत वापरली, त्यांचा निष्कर्ष पुन्हा तपासून पाहिला? एका दुपारचं काम आहे. दोन्ही लॅबमधून पीएच.डी. करून बाहेर पडलेल्यांशीही तिने बोलावं. गाइड कच्चे निकाल स्वतः बघतात का, हे त्यांनाच ठाऊक असतं.

मॅडमचा कोणता पेपर तिला आवडला, ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्याचं नाव कळवा, मी वाचून तिला उत्तर लिहीन.