मुलीच्या शाळेत हिस्पॅनिक हेरिटेज मंथ आहे, आम्हालाच काही माहीत नाही, तिला काय आणि कसं शिकवू?

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांपूर्वी टेक्सासला आलात, मुलगी दुसरीत आहे आणि शाळेतून चिठ्ठी आलीये की हिस्पॅनिक हेरिटेज मंथसाठी (म्हणजे मूळच्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतल्या लोकांच्या वारशाचा महिना) एक पोस्टर करून पाठवा. आम्ही सॅन अँटोनियोला बारा वर्षं आहोत, दोन्ही मुलं इथल्याच शाळांत वाढली, त्यामुळे घरी जे जे केलं तेच सांगते.

सगळ्यात आधी तिला हे कळू दे की हिस्पॅनिक नावाचा एक देश नाहीये. स्पॅनिश बोलणारे वीसेक देश आहेत, त्यात मेक्सिको आहे तसा पेरू आहे, क्युबा आहे, ब्राझील मात्र नाही कारण तिथे पोर्तुगीज बोलतात. मी माझ्या मुलाला विचारलं होतं, कोल्हापूरचे काका आणि केरळच्या शेजारच्या मावशी दोघंही इंडियन ना, मग दोघांच्या डब्यात एकच भाजी असते का? त्याला लगेच कळलं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तो पहिलीत असताना वर्गात सगळ्या पोरांना कागदी मिशा आणि मोठ्या टोप्या घालून फोटो काढले होते, आणि त्याचा एक मित्र होंडुरासचा, तो घरी जाऊन आईला म्हणाला की आपल्याकडे असं कोण घालतं? त्याच्या आईने मला हे सांगितलं तेव्हा फार वाईट वाटलं. त्यामुळे टोपी-मिशी नको. वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीचा किंवा शेजाऱ्यांचा देश निवडा, तोही एकच, आणि त्या माणसांनाच विचारा, खूप प्रेमाने सांगतात.

पोरं हमखास विचारतात की हा महिना १५ सप्टेंबरला, मध्येच का सुरू होतो? तिथूनच सुरुवात करा. १८२१ साली १५ सप्टेंबरला ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका स्पेनपासून स्वतंत्र झाले, १६ ला मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन असतो, १८ ला चिलीचा. मेक्सिकोची गोष्ट सांगायला सगळ्यात मजा येते. १८१० मध्ये दोलोरेस नावाच्या गावात मिगेल इदाल्गो या पाद्रीने पहाटे चर्चची घंटा वाजवून लोकांना गोळा केलं आणि उठाव सुरू झाला, आणि अजूनही दरवर्षी १५ च्या रात्री मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या बाल्कनीतून घंटा वाजवून 'विवा मेहिको' अशी आरोळी देतात. ५ मे हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन असं इथे बरेच जण समजतात, तसं नाहीये, तो १८६२ मध्ये पुएब्ला शहराजवळ फ्रेंच सैन्याला हरवल्याचा दिवस.

घरात बसून करण्यासारखी एक गोष्ट म्हणजे शब्द. पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी, आणि पोर्तुगीज गोव्या-वसईतून आपल्या मराठीत आलेली, म्हणून आपला पाव म्हणजे त्यांचा पान, साबण म्हणजे हाबोन, आणि पगार? स्पॅनिशमध्ये पागार म्हणजे पैसे देणे. मुलं दिवसभर असे शब्द शोधत बसतात. मग भाजी चिरताना सांगा की मिरची, टोमॅटो, बटाटा, मका हे सगळं त्या बाजूचं, आपल्याकडे फक्त चारपाचशे वर्षांत आलंय. चिकूसुद्धा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा.

आणि आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे! इंग्रजांविरुद्ध अमेरिकेतल्या भारतीयांनी उभारलेल्या गदर चळवळीतले क्रांतिकारक, देश सोडावा लागला, शेवटी मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवायला लागले, मक्यावर-गव्हावर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या मोठ्या चित्रकाराने मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलंय. पोस्टरवर हे टाकलंत तर वर्गात दुसऱ्या कुणाकडे नसेल.

सणांबरोबर एक कठीण गोष्टही सांगा असं मला मनापासून वाटतं, दुसरीतल्या मुलांना अन्याय नीट कळतो. कॅलिफोर्नियातल्या सिल्विया मेंदेझची. वडील मेक्सिकोचे, आई पोर्तो रिकोची, आणि सिल्विया साधारण तुमच्या मुलीएवढी असताना जवळच्या शाळेने तिला घेतलं नाही, मेक्सिकन मुलांची शाळा वेगळी आहे तिकडे जा म्हणून. आईवडील कोर्टात गेले, १९४७ मध्ये अपिलातही जिंकले, म्हणजे वर्णावरून मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवता येणार नाहीत हा सगळ्या देशासाठीचा प्रसिद्ध निकाल १९५४ ला लागला त्याच्या सात वर्षं आधी. माझी मुलगी हे ऐकून बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, तिला त्या शाळेतल्या मैत्रिणी मिळाल्या का नंतर?

हा महिना १५ ऑक्टोबरला संपतो पण तुम्ही तिथे थांबू नका, कारण खरा बघण्यासारखा सण नंतर येतो, दिया दे मुएर्तोस, १ आणि २ नोव्हेंबर. हॅलोविनशी त्याची गल्लत करू नका, यात भीती घालायची नसते, गेलेली आपली माणसं भेटायला येतात म्हणून घर सजवायचं असतं. फोटो मांडतात, त्यांना आवडायचं ते खायला ठेवतात, मेणबत्त्या, नक्षी कापलेले रंगीत कागद, आणि वासावरून त्यांना वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या. हो, आपला दसऱ्याचा झेंडू! मूळचा तिकडचाच, तिथे त्याला सेंपासूचिल म्हणतात. ऑक्टोबरमध्ये अंगणात केशरी मोनार्क फुलपाखरं दिसली तर मुलीला दाखवा, ती आपल्या टेक्सासवरून मेक्सिकोच्या डोंगरांत जातात आणि याच सुमाराला पोचतात, म्हणून तिथे कितीतरी लोक मानतात की ते आपल्याच माणसांचे आत्मे.

आमच्या शेजारच्या आजी पुएब्लाच्या. त्या हे मांडतात त्याला ओफ्रेंदा म्हणतात. मी आधी मुलांना सांगून टाकलं होतं की आपला पितृपक्ष तसंच हे, पण आजींकडे गेल्यावर कळलं की तसंच नाही, तिथे गाणी चालू होती, नवऱ्याच्या फोटोशी त्या हसून बोलत होत्या, पोरं पान दे मुएर्तो खात पळत होती (हा गोड पाव, वर हाडांसारख्या पट्ट्या असतात, मेक्सिकन बेकरीत ऑक्टोबरभर मिळतो, नक्की आणा). माझे सासरे त्याच वर्षी गेले होते, आम्हाला भारतात जाता आलं नव्हतं. आजींनी स्वतःहून त्यांचा फोटो मागून घेतला, आपल्या माणसांच्या शेजारी ठेवला आणि मुलाला विचारलं, यांना काय आवडायचं? तो म्हणाला, गूळ आणि शेंगदाणे. घरी पळत जाऊन घेऊन आला, आजींनी वाटी दिली आणि दोघांनी मिळून ती फोटोपुढे ठेवली.

पुढच्या वर्षी शाळेच्या पोस्टरवर त्याने त्या वाटीचंच चित्र काढलं.