आठ महिन्यांची ग्रेट डेन आणि ऑपरेशनची वेळ

प्रश्न : आमची ग्रेट डेन मादी आठ महिन्यांची आहे, वजन ३८ किलो. एका डॉक्टरांनी सहाव्या महिन्यातच नसबंदी उरकून घ्या म्हणून सांगितलं होतं. ज्यांच्याकडून पिल्लू आणलं ते म्हणतात, दोन वर्षं हातही लावू देऊ नका. लवकर ऑपरेशन केलं तर वाढ खुंटते म्हणे. ती अजून माजावर आलेली नाही. उंचीसाठी कॅल्शियमची पावडर चालू आहे. काय करावं?

उत्तर : आधी ती पावडर बंद करा. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचा चांगला तयार आहार देत असाल, तर त्यात लागेल तेवढं कॅल्शियम असतंच. जादा कॅल्शियमने हाडांची घडण बिघडते, आणि हे प्रयोगांत दिसलं तेही ग्रेट डेनच्याच पिल्लांत. उंची पावडरने वाढत नाही हो!

आता ऑपरेशनचं. वाढ खुंटत नाही, होतं ते उलटंच. लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेचा एक पट्टा असतो, ग्रोथ प्लेट. हाड लांबतं ते तिथून. वयात येताना अंडाशयातून जे हार्मोन सुटतं, ते हा पट्टा बंद करायला लावतं. अंडाशय आधीच काढलं, तर पट्टा जास्त दिवस उघडा राहतो आणि पाय लांबत जातात. कुत्री उंच दिसते, मालक खूश होतात. पण सगळ्या हाडांचे पट्टे एकाच वेळी बंद होत नाहीत, त्यामुळे सांध्यांचे कोन बदलू शकतात. एवढ्या वजनाच्या जनावरात ते मला नको असतं.

या वयाच्या पिल्लाच्या मनगटाचा एक्स-रे दाखवला की बहुतेक जण दचकतात, ‘डॉक्टर, फ्रॅक्चर आहे का?’ ते ज्या काळ्या रेघेवर बोट ठेवतात, तीच ग्रोथ प्लेट. अल्ना या हाडात तर ती चक्क ‘व्ही’सारखी दिसते. लहान जातींत ही रेघ वर्षाच्या आतबाहेर बुजते, तुमच्या मुलीला दीड वर्ष सहज लागेल.

तुमच्या डॉक्टरांना मात्र वेड्यात काढू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या हार्ट आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ३५ जातींचा अभ्यास मांडला. बऱ्याच मोठ्या जातींत लवकर नसबंदी केलेल्यांना सांध्यांचा त्रास जास्त दिसला, पण ग्रेट डेनमध्ये तसं दिसलं नाही! तरीही शरीराचा आकार आणि उशिरा पुरी होणारी वाढ पाहून त्यांनी या जातीत वर्षाच्या बरंच पुढे थांबायचाच सल्ला दिला. माझंही तेच मत.

म्हणून पहिली हीट येऊ द्या. या जातीत ती कधी कधी दीड वर्षानंतरही येते, घाबरू नका. हीटचे तीनेक आठवडे दोरी हातातून सोडायची नाही. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, गर्भाशयाचा रक्तपुरवठा ओसरला की, एक्स-रे काढून रेघ बुजली का पाहा आणि ऑपरेशन करून टाका. दोन वर्षांचा आकडा पाळायचा म्हणून हीटमागून हीट जाऊ देऊ नका. प्रत्येक माजानंतर गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. महिना-दोन महिन्यांत ती अचानक खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली, खाणं सोडलं, तर स्राव दिसो न दिसो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते. पोटाला पीळ पडून जीव जाण्याचा धोका ज्या जातींत सर्वांत जास्त, त्यांत ग्रेट डेन अगदी वर आहे. नसबंदीच्याच भुलीत जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून बसवता येतं, त्याला गॅस्ट्रोपेक्सी म्हणतात. पोट फुगणं त्याने थांबत नाही, पण पीळ पडणं बहुतेक वेळा टळतं. सर्जनना हे आधीच विचारून ठेवा, टेबलावर घेतल्यावर नव्हे.

ऑपरेशननंतर भूक वाढते, गरज घटते. टाके भरले की खाणं साधारण चौथ्या हिश्शाने कमी करा आणि दर महिन्याला वजन बघून पुढचं ठरवा. मोठ्या माद्यांत पुढे कधी झोपेत लघवी गळते. अंथरूण ओलं दिसलं तर रागावू नका, त्यावर औषध आहे.