गिटारच्या लॅकरला संत्र्याची साल का?

प्रश्न : इलेक्ट्रिक गिटारची सागवानी बॉडी घरीच केली. एप्रिलच्या दुपारी गच्चीवर एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) लॅकर स्प्रे केलं, तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झाला, बुडबुडेही आले. काय चुकलं? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : वेळ चुकली. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी थिनर वाटेतच उडतो, लॅकरला पसरायला उसंत मिळत नाही. वरची साय आधी धरते आणि खाली अडकलेला थिनर बुडबुडे काढतो. सकाळी सातच्या आत, सावलीत मारा. थिनरमध्ये थोडं रिटार्डर (थिनर सावकाश उडू देणारं द्रावण) घाला. (पावसाळ्यात उलटं दुखणं : दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं.)

आता ठोकळ्यावर ३२० चा पेपर गुंडाळून बुडबुडे जाईपर्यंत घासा. लाकूड उघडं पडलं तर थिनरने पुसून लगेच सीलर (लॅकरखालचा अस्तराचा थर) लावा, कारण सागवान तेलकट असतं. मग लॅकरचे पातळ हात, दोन हातांत तासाभराचं अंतर, दिवसाला तीनच.

नेक (गिटारची मान) बसते त्या खाचेला मात्र आधी मास्किंग टेप लावा. तिथे लॅकर साचलं की नेक दाबून बसवताना कडेला तडा जातो. पॉलिशची घाई नको. तीन-चार आठवडे थांबा. खाचेच्या कडेला नख रुतत असेल तर अजून थांबा. नंतर ८०० ते २००० चा वॉटर पेपर आणि चकाकीसाठी रबिंग कंपाउंड. पाणी बेताचंच. स्क्रूच्या भोकात मुरलं तर लाकूड फुगून लॅकर उकलतं.