तिथीची पाऊणपट

आंजर्ले,
कार्तिक वद्य अष्टमी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस टेबलावर पडून आहे. पुण्याला संशोधनाची जागा मिळाली, सांख्यिकी खात्याची नेमणूकही आली, आणि बाबा म्हणतात सरकारी नोकरी लाथाडू नकोस. इथवर मी निवांत वाचलं. मग शेवटची ओळ आली. 'सर, रँग्लर व्हायचं की कापरेकर, एवढंच सांगा.' तिच्याखाली पेनाने इतकं गिरवलंयस की कागद फाटलाय. रात्री दोन-अडीचला लिहिलेलं दिसतं.

सांगत नाही. प्रश्नच चुकलाय.

रँग्लर परांजपे आपल्या मुर्डीचे. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत अव्वल, झालेले पहिले भारतीय, १९०२ पासून फर्ग्युसनचे प्राचार्य. पुढे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री, लखनौचे कुलगुरू, ऑस्ट्रेलियात हाय कमिशनर, मग पुण्याचे कुलगुरू. एवढं सगळं करून त्यांच्या नावाचं एकही प्रमेय तुझ्या एम.एस्सी.च्या पुस्तकात नाही. कापरेकर डहाणूचे, म्हणजे तेही किनाऱ्यावरचेच. देवळालीला शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नाही, पण ६१७४ हा आकडा जगभर त्यांच्या नावाने ओळखतात. चार अंक घ्यायचे, सगळे सारखे नकोत; उतरते मांडायचे, चढते मांडायचे, वजाबाकी करायची, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच, की शेवटी ६१७४ वरच येऊन थांबतं. असलं काही वजाबाक्या करत बसणाऱ्यालाच दिसतं. तू या दोघांना तराजूत घातलंस. मीही पस्तीस वर्षं हेच केलं, म्हणून खोड ओळखीची आहे.

माझ्याकडे तुला द्यायला एकच गोष्ट आहे: स्वतः मोजल्याशिवाय सही करायची नाही. प्रबंधावर नाही, फायलीवर नाही, दुसऱ्याच्या पेपरवर तर नाहीच नाही. हसू नकोस. तुला हे ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं.

आमच्या आजोबांनी मला पाऊणकी शिकवली ती भरतीसाठी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता पाणी भरणार. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. एकदा म्हटलं, आजोबा, पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे एकदम पाऊण? एरवी भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, त्या दिवशी दीड तास कशी? आजोबा आगरात नारळाची सोडणं गोळा करत होते. मान वर न करता म्हणाले, "जेटीवर जाऊन बघ." मी गेलो, आणि बघून आलो. समुद्राने उडी मारली नव्हती. रोज तीन-तीन मिनिटं हिशेबाबाहेर राहत होती आणि पंधरवड्याच्या शेवटी पाऊणकी ती सगळी एकदम चुकती करत होती. त्या दिवशी मला गणित आवडलं. बाकीची कारणं मी नंतर मुलाखतींसाठी तयार केली.

आणि हाच मुलगा पंचेचाळिसाव्या वर्षी एका समितीवर बसला. एका गावाला धूपप्रतिबंधक बंधारा बांधायचा होता. भरतीच्या उंचीचे आकडे जोडलेले होते, खाली सरासरी काढलेली होती, आणि अहवालावर एका गणिताच्या प्राध्यापकाची सही हवी होती. तारखा इंग्रजी महिन्याच्या. त्या तिथीत फिरवून बघायला मला दहा मिनिटं लागली असती. मोजणी दोन्ही पंधरवड्यांत षष्ठी ते एकादशी एवढीच झाली होती. म्हणजे सगळी भांगाची, कमी उंचीची भरती! उधाणाचा एक दिवस त्यात नव्हता. मी सही केली. संध्याकाळी माझ्या पेपरचं शेवटचं प्रमेय तपासायचं होतं, घाई होती.

पुढच्या आषाढात अमावस्येला पाणी बंधाऱ्यावरून आत आलं. मी चार महिन्यांनी गेलो. एका म्हातारीचं माडांचं आगर होतं, विहीर खारी झाली होती. तिने ओटीवर बसवलं, चहा दिला. चहा खारट होता. त्याच विहिरीच्या पाण्याचा तिने मुद्दाम केला की दुसरं पाणीच नव्हतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी पूर्ण कप प्यायलो. माझी सही कुठे होती हे तिला सांगितलं नाही.

तेव्हापासून मोजल्याशिवाय मी सही केली नाही. लोक मला फाईल अडवणारा म्हणू लागले. समित्यांची बोलावणी थांबली, बढती दोनदा हुकली. संशोधन निवृत्तीनंतर करू म्हणून वह्या ट्रंकेत घातल्या होत्या, त्यांना वाळवी लागली. तुझ्या काकू म्हणतात, थोडं नमतं घेतलं असतं तर दोन्ही झालं असतं. नसतं झालं. एका सहीपुढे नमतं घेतलं होतं, त्याचं काय झालं ते आत्ताच लिहिलं. हा म्हातारा स्वतःची वकिली करतोय असं तुला वाटेल. करतोय.

धोंडो केशव कर्वे मुरुडचे. ते पुढे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले, पण मी सांगतोय ते १८७५ चं. परीक्षेला बसायला हा मुलगा मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेला. सतरा वर्षं पूर्ण होती, दाखला हातात होता. साहेबांनी चेहरा बघितला, लहान दिसतो म्हणाले आणि परत पाठवलं. वजाबाकी करायला किती वेळ लागला असता गं?

तर तू कुठे जायचं. पुण्याला गेलीस तरी माझी ना नाही. पण कल विचारशील तर खात्याकडे आहे, आणि त्यात माझा स्वार्थ आहे. जोडपत्र उघडून तारखा बघणारं कोणीतरी तिथे असावं असं मला वाटतं, आणि मला दुसरं कोणी माहीत नाही. तुझ्या बाबांचा मुद्दा पगाराचा आहे, माझा नाही, हे त्यांना सांगू नकोस. उगाच खूश होतील.

मात्र रात्री दोन वाजता ठरवू नकोस. तुझ्या घरापासून जेटी हाकेच्या अंतरावर आहे. येत्या अमावस्येपासून पंधरा दिवस भरतीची वेळ बघ. मोबाईलवर नको, तिथे उभी राहून. वहीत लिही.

सव्वापाच झाले. आज आठ पाऊण सहा, मीही खाडीवर निघालोय. काल पाणी हिशेबापेक्षा वीसेक मिनिटं उशिरा भरलं. आज किती उशीर होईल ते मी आधीच लिहून पाकिटात घातलंय, पण तुझं उत्तर आल्याशिवाय पाठवणार नाही.

तुझे,
सर